सुटे स्क्रू आणि छोटे पार्ट सांभाळायचे कसे? घरातले रिकामे डबे आणि हातातला मोबाइल पुरे

मोबाइल, लॅपटॉप, मिक्सर, पंखा, टीव्हीचा स्टँड... घरात आपण जे काही उघडतो किंवा बसवतो, त्यातून दोन-चार सुटे भाग उरतातच. स्क्रू, वायसर, गिट्ट्या, एखादी स्प्रिंग, कुठल्या तरी ॲडॉप्टरची पिन. टाकवत नाहीत म्हणून ते एका डब्यात जातात. गरज लागली की त्या डब्यात हात घालून दहा मिनिटं चाळायचं, सापडत नाही म्हणून दुकानातून नवं पाकीट आणायचं आणि त्यातले उरलेले पुन्हा त्याच डब्यात टाकायचे. असे डबे मी बऱ्याच घरांत बघितलेत. ते भरत जातात, पण कामाला येत नाहीत.

टेक्नॉलॉजीच्या साइटवर स्क्रूचा लेख कशाला, असं वाटलं असेल तर तीन कारणं सांगतो.

पहिलं, लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी टाकायला बसलात आणि ती धरून ठेवणारा एक बारका स्क्रू नसेल, तर हजारो रुपयांची एसएसडी हातात धरून बसावं लागतं. दुसरं, फोनमध्ये चुकीच्या लांबीचा स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर मदरबोर्ड कायमचा खराब होऊ शकतो. तिसरं, याच सुट्या भागांच्या डब्यात रिमोटचे आणि किल्लीचे बटण सेल पडलेले असतात, आणि घरात लहान मूल असेल तर तो डबा खरोखर धोकादायक असतो.

या तिन्हीवरचा उपाय स्वस्त आहे. माझ्या घरच्या पूर्ण मांडणीला तीनशे रुपयांच्या आत खर्च आला, आणि त्यातला बराचसा झिप पाउचवर गेला. चला, एकेक पायरी बघू.

डब्याआधी पत्ता ठरवा

बहुतेक जण सुरुवात ऑनलाइन शॉपिंगने करतात. बावीस कप्प्यांचा ऑर्गनायझर मागवतात, दोन रविवार खपून सगळं आकाराप्रमाणे लावतात, आणि तीन महिन्यांनी त्यातले अर्धे कप्पे पुन्हा मिसळलेले असतात. कारण पार्ट ठेवणं सोपं असतं. अवघड असतं ते सहा महिन्यांनी सापडणं.

सापडायचं असेल तर प्रत्येक वस्तूला पत्ता हवा. घराला जसा गल्ली आणि घर क्रमांक असतो तसा: डबा क्रमांक आणि पाउच क्रमांक. पत्ता मोबाइलमध्ये लिहिलेला असला की डबा श्रीखंडाचा आहे की महागाचा, याने काही फरक पडत नाही. म्हणून हा लेख डब्यांपेक्षा पत्त्यांवर जास्त आहे.

पायरी १: कामाप्रमाणे ढीग पाडा

जुनं वर्तमानपत्र पसरा, सगळं ओता आणि आकार न बघता कामाप्रमाणे पाच ढीग करा.

• भिंत आणि लाकूड: गिट्ट्या (वॉल प्लग), लाकडाचे स्क्रू, खिळे, हूक, बिजागरीचे स्क्रू.
• नट-बोल्ट: एकसारख्या जाडीचे, नटमध्ये बसणारे स्क्रू, नट, वायसर.
• कॉम्प्युटर आणि मोबाइल: लॅपटॉप, पीसी, फोन यांतून निघालेलं सगळं बारीक सामान.
• वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स: फ्यूज, कनेक्टर, केबल टाय, एलईडी, रेझिस्टर.
• एकाच वस्तूचे: जे फक्त एका ठरावीक उपकरणाला लागतात ते.

हा शेवटचा ढीग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सहसा कुणी वेगळा करत नाही. टीव्ही भिंतीवर लावला की त्याच्या स्टँडचे स्क्रू उरतात. भाड्याचं घर बदलताना नेमके तेच लागतात. असे स्क्रू छोट्या पाउचमध्ये घालून त्या वस्तूलाच चिकटवा: स्टँडच्या खाली, टेबलाच्या आतल्या बाजूला, कपाटाच्या मागे. जागा नसेल तर पाउचवर उपकरणाचं नाव आणि मॉडेल लिहा.

आता किती बारीक वर्गवारी करायची? माझा नियम साधा आहे. एका पाउचमधून हवी ती वस्तू अर्ध्या मिनिटात सापडत असेल, तर तो पाउच आणखी फोडायचा नाही. वर्षातून एकदा लागणारे हूक सगळे एकत्र राहिले तरी चालतात. दर महिन्याला लागणारे एम३ स्क्रू मात्र लांबीप्रमाणे वेगळे हवेत. सगळंच बारीक वेगळं करायला गेलात, की परत ठेवायचा कंटाळा येतो आणि व्यवस्था तिथेच मोडते.

पायरी २: माप ओळखा, तेही व्हर्निअरशिवाय

पाउचवर "बारीक स्क्रू" लिहून उपयोग नाही. माप लिहिलं तरच दुकानात किंवा ऑनलाइन तसाच दुसरा मिळतो. आपल्याकडे घोळ असा की एकाच दुकानात तीन भाषा चालतात.

मिलिमीटरची भाषा: एम३ म्हणजे आट्यांसह बाहेरची जाडी ३ मिमी, एम४ म्हणजे ४ मिमी. एम३ × ८ असं लिहिलं असेल तर ८ मिमी ही लांबी.

नंबरची भाषा: लाकडाचे स्क्रू "आठ नंबर, दीड इंची" असे मागतात. ६ नंबर साधारण ३.५ मिमी, ८ नंबर साधारण ४.२ मिमी आणि १० नंबर साधारण ४.८ मिमी जाड असतो. इथे नंबर वाढला की जाडी वाढते.

सुताची भाषा: जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी. "चार सुती बोल्ट" म्हणजे अर्ध्या इंचाचा.

लांबी कुठून मोजायची, इथेही गडबड होते. ज्या स्क्रूचं डोकं लाकडात किंवा पत्र्यात बुडून सपाट बसतं, त्याची लांबी डोक्यासकट मोजतात. ज्याचं डोकं वर उचललेलं राहतं, त्याची डोक्याखालून.

आता मोबाइलचा उपयोग. स्क्रू प्लास्टिकच्या मोजपट्टीला चिकटवून आडवा ठेवा, जवळून फोटो काढा आणि झूम करून आटे मोजा. दहा आट्यांना किती मिलिमीटर लागले ते बघा. स्क्रू आखूड असेल तर पाच आटे मोजा आणि दुप्पट करा. नेहमीच्या आट्यांचा हिशेब असा:

• एम२: दहा आटे ४ मिमी
• एम३: दहा आटे ५ मिमी
• एम४: दहा आटे ७ मिमी
• एम५: दहा आटे ८ मिमी
• एम६: दहा आटे १० मिमी

डेस्कटॉप पीसीवाल्यांसाठी हे खास उपयोगी आहे. पीसीत दोन प्रकारचे स्क्रू असतात आणि दोन्ही पहिल्या नजरेला सारखेच दिसतात. २.५ इंची एसएसडीला एम३ लागतो. ३.५ इंची हार्ड डिस्कला, पॉवर सप्लायला आणि बहुतेक कॅबिनेटला ६-३२ नावाचा इंची स्क्रू लागतो. त्याचे दहा आटे जवळपास ८ मिमी भरतात, एम३ चे ५ मिमी. म्हणजे आटे दाट दिसले तर एम३, विरळ दिसले तर ६-३२. जोर लावून एकाच्या जागी दुसरा घुसवला की भोकातले आटे गेलेच म्हणून समजा. हे दोन पाउच नेहमी वेगळे ठेवा.

आणखी एक सोपी युक्ती. हार्डवेअरच्या दुकानातून एम३, एम४, एम५ आणि एम६ चा एकेक नट आणा. पुठ्ठ्यावर तारेने बांधा आणि खाली माप लिहा. अनोळखी स्क्रू बोटांनी फिरवून बघायचा. तीन-चार फेरे सहज गेला तर तेच माप. अडला तर जोर लावायचा नाही, पुढचा नट बघायचा.

डोक्याच्या खाचेचं नावही लिहून ठेवा. आपल्या दुकानांत "स्टार" म्हटलं की बहुतेक वेळा फुलीची खाच, म्हणजे फिलिप्स, समजली जाते. सहा पाकळ्यांची खाच असेल तर ती टॉर्क्स. ऑनलाइन ऑर्डर करताना हा फरक लक्षात ठेवा, नाहीतर भलताच स्क्रू ड्रायव्हर घरी येईल.

पायरी ३: डबे घरातच आहेत

विकत घेण्याआधी स्वयंपाकघर आणि रद्दीचा कोपरा बघा.

मिसळणाचा जुना डबा: सात वाट्या, वर घट्ट झाकण. काम चालू असताना समोर ठेवायला याच्यासारखं काही नाही. पण डबा आडवा झाला तर वाट्यांतलं मिसळतं, म्हणून रोजच्या वापरातले मोजके प्रकारच यात ठेवा. एकदा स्क्रूसाठी वापरला की तो पुन्हा स्वयंपाकात न्यायचा नाही. तेल, गंज आणि धातूचा कीस खाण्यात जायला नको.

श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे डबे: चौकोनी असल्याने एकावर एक नीट बसतात. हे मुख्य डबे समजा. एका कामाला एक डबा.

झिप पाउच: माझ्या मते सर्वांत कामाची खरेदी. पारदर्शक असतात, जागा खात नाहीत, उलटे झाले तरी मिसळत नाहीत. डब्यात ते पुस्तकांसारखे उभे लावा. वरून लेबल दिसतं आणि बोटाने चाळून काढता येतात.

गोळ्यांची आठवड्याची डबी: सात कप्पे, प्रत्येकाला वेगळं झाकण. चष्म्याचे, घड्याळाचे आणि लॅपटॉपचे स्क्रू यात छान राहतात.

काचेच्या बरण्या: लोणच्याच्या किंवा जॅमच्या बरणीचं झाकण फळीच्या खालच्या बाजूला दोन स्क्रूंनी पक्कं करायचं आणि बरणी खालून फिरवून लावायची. खिळे आणि मोठे स्क्रू ठेवायला बरं. पण लहान मुलांच्या डोक्यावर काच लटकवू नका. तिथे प्लास्टिकची बरणी घ्या.

अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे: फक्त काम चालू असताना. कायमची साठवण यात नको, कारण पुठ्ठा दमट होतो.

भिंतीच्या कामासाठी एक सवय लावा. गिट्टी, तिच्यात बसणारा स्क्रू आणि भोक पाडायचा ड्रिल बिट एकाच पाउचमध्ये ठेवा. ६ मिमीच्या गिट्टीला ६ मिमीचा बिट लागतो, ८ ला ८ चा. तिन्ही एकत्र असले की फोटोफ्रेम लावायला उठल्यावर तीन जागी शोधावं लागत नाही.

रेझिस्टरचा छंद असेल तर प्रत्येक व्हॅल्यूचा वेगळा कप्पा करण्याची गरज नाही. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरमध्ये तिसरी पट्टी किती शून्यं ते सांगते. त्या तिसऱ्या पट्टीच्या रंगाप्रमाणे पाउच करा: काळा, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा. सहा पाउचमध्ये जवळजवळ सगळं बसतं, आणि त्यातून हवा तो शोधायला वेळ लागत नाही. सुट्या आयसी मात्र साध्या प्लास्टिकमध्ये किंवा थर्माकोलमध्ये टोचून ठेवू नका. घर्षणाने तयार होणाऱ्या स्थिर विजेने त्या खराब होऊ शकतात. ज्या काळ्या फोममध्ये किंवा अँटिस्टॅटिक पिशवीत आल्या, त्यातच राहू द्या.

पायरी ४: मोबाइलमध्ये यादी, म्हणजेच पत्ता

खास ॲप लागत नाही. गूगल शीट्स पुरे. मी असं करतो:

१. डब्यांना अक्षर द्या: क, ख, ग. पाउचना आकडे द्या: क१, क२, ख१. मार्करने मोठं लिहा आणि वरून पारदर्शक टेप लावा, म्हणजे पुसलं जात नाही.

२. शीटमध्ये चार रकाने करा: पत्ता, वस्तू, माप, कुठून निघाली किंवा कुठे लागते.

३. प्रत्येक पाउचमधलं सामान पांढऱ्या कागदावर मोजपट्टीशेजारी ठेवून एक फोटो काढा. फोटोत पत्त्याचं लेबलही दिसू द्या. सगळे फोटो एकाच अल्बममध्ये टाका.

४. शीट ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा. हार्डवेअरच्या दुकानात आत गेलं की कधी कधी नेटवर्क जातं.

५. घरातल्यांबरोबर शेअर करा. तुम्ही कॉलेजला असताना बाबांना फ्यूज हवा असेल तर फोन न करता मिळेल.

या यादीचं यश एका गोष्टीवर अवलंबून असतं: वस्तूची सगळी नावं लिहिणं. एकाच गोष्टीला आपण गिट्टी म्हणतो, दुकानदार रावल प्लग म्हणतो, ऑनलाइन वॉल प्लग म्हणतात. वायसर आणि वॉशर, पाना आणि स्पॅनर, तसंच. सहा महिन्यांनी शोधताना कोणता शब्द डोक्यात येईल ते सांगता येत नाही. म्हणून "वस्तू" या रकान्यात तिन्ही शब्द टाका: "गिट्टी, रावल प्लग, वॉल प्लग". मग काहीही टाइप करा, ओळ सापडते. कंटाळा येत असेल तर जीबोर्डवर मराठी निवडा, माइक दाबा आणि बोलत जा.

एक ओळ नमुन्यादाखल: "ग४, एसएसडीचा स्क्रू, एम.२ स्क्रू, माप एम२ × ३, जुन्या लॅपटॉपमधून". इथे एक गंमत लक्षात घ्या. "एम.२" हे एसएसडीच्या प्रकाराचं नाव आहे आणि "एम२" हे स्क्रूचं माप. बऱ्याच लॅपटॉपमध्ये एम.२ एसएसडीला एम२ स्क्रूच लागतो, पण सगळीकडे नाही. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.

ही यादी खरेदीतही पैसे वाचवते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात की गर्दीत "असा बारका, काळा" सांगून काही होत नाही. माप आणि मोजपट्टीसकट फोटो दाखवला की दुकानदार लगेच काढून देतो. शिवाय घरात काय आहे ते तिथेच बघता येतं, दुसऱ्यांदा घेतलं जात नाही.

पायरी ५: फोन किंवा लॅपटॉप उघडताना

इथे साठवण फक्त तासाभराची असते, पण सर्वांत जास्त काळजी इथेच हवी. फोनमधले स्क्रू दिसायला एकसारखे असतात आणि लांबीत फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचा असतो. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो खालच्या बोर्डच्या थरांत घुसतो आणि आतल्या तांब्याच्या बारीक रेषा तुटतात. फोन दुरुस्त करणारे याला लाँग स्क्रू डॅमेज म्हणतात. जुन्या आयफोनमध्ये, विशेषतः आयफोन ५ आणि ६ च्या पिढीत, डिस्प्लेच्या पट्टीचे स्क्रू अदलाबदल होऊन बोर्ड मेल्याच्या गोष्टी दुरुस्तीवाल्यांत प्रसिद्ध आहेत. एका स्क्रूमुळे पूर्ण फोन जातो, आणि ती दुरुस्ती प्रत्येकाला जमत नाही.

उपाय कागदाचा आहे:

• ए४ कागदावर फोनची बाह्याकृती काढा. लॅपटॉप असेल तर मागच्या बाजूची.
• आकृतीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा.
• जो स्क्रू जिथून निघाला, तो आकृतीत त्याच जागी चिकटवा.
• आत दुसरा थर असेल तर दुसरा कागद. कागदांवर १, २, ३ लिहा. लावताना उलट क्रम.
• प्रत्येक थर उघडण्याआधी एक फोटो काढा.
• काम अर्धवट राहिलं तर कागद दुमडून मोठ्या पाउचमध्ये ठेवा. वर मॉडेल आणि तारीख लिहा.

चुंबकाचा पर्यायही आहे. बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक स्टीलच्या ताटलीखाली ठेवलं की ताटलीतले लोखंडी स्क्रू उडत नाहीत. ताटलीला चुंबक चिकटतं का ते आधी बघा. दोन मर्यादा मात्र आहेत. चांगल्या स्टेनलेस स्टीलचे आणि पितळेचे स्क्रू चुंबकाला सहसा धरत नाहीत. आणि चुंबक उघड्या फोनपासून लांब ठेवा, कारण होकायंत्र आणि कॅमेऱ्याचं स्थिरीकरण यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

स्वतः फोन उघडत नसाल तरी इतकं करा. दुरुस्तीला देण्याआधी खालच्या बाजूचा, चार्जिंगच्या भोकाजवळचा, जवळून फोटो काढा. आयफोनमध्ये तिथे पाच पाकळ्यांचे दोन पेंटालोब स्क्रू असतात. फोन परत घेताना दुकानातच तपासा: दोन्ही आहेत का, एकसारखे आहेत का. एखादा गायब असेल तर आतलेही गायब असण्याची शक्यता धरून चला आणि तिथेच विचारा.

पावसाळ्यात काय?

आमच्याकडे कोकणात जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की उघडा ठेवलेला खिळा महिन्याभरात लाल होतो. गंजलेला स्क्रू फक्त दिसायला वाईट नसतो. त्याच्या खाचेची धार जाते, स्क्रू ड्रायव्हर घसरतो आणि बसवलेला स्क्रू पुन्हा निघत नाही.

सर्वांत आधी गंजतात ते काळे ड्रायवॉल स्क्रू. जस्ताचा मुलामा दिलेले पांढरे किंवा पिवळसर स्क्रू जास्त टिकतात. पितळ आणि स्टेनलेस स्टील सर्वांत बरे. म्हणून काळे स्क्रू आणि साधे खिळे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि बुटाच्या किंवा बॅगेच्या खोक्यातून निघालेली सिलिका जेलची पुडी आत टाका. खिळ्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब टाकून डबा हलवला तरी चालतं. खाद्यतेल वापरू नका, ते काही दिवसांनी चिकट होतं. आणि तेल लावलेले स्क्रू फोन-लॅपटॉपच्या पाउचजवळ नको.

डबा पावसाळ्यात बाल्कनीत किंवा सिंकखाली न ठेवता कोरड्या कपाटात ठेवा.

या वस्तू स्क्रूच्या डब्यात कधीच नको

बटण सेल: रिमोट, वजनकाटा, कारची किल्ली, खेळणी यांत सीआर२०३२ सारखे सेल असतात. नावातच माप आहे: व्यास २० मिमी, जाडी ३.२ मिमी. दिसायला नाण्यासारखा, चमकदार, आणि नेमका लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकेल असा. अडकला की ओल्या जागी विजेचा प्रवाह सुरू होतो आणि दोन तासांत आत गंभीर भाजू शकतं. सेल "संपलेला" असला तरी त्यात इजा करण्याइतकी शक्ती उरते. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघू नका. उलटी करायला लावू नका. लगेच हॉस्पिटल गाठा किंवा १०८ वर फोन करा. नवे सेल पाकिटातच, उंचावर ठेवा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना टेप लावा आणि ई-कचरा संकलनात द्या.

नऊ व्होल्टचा चौकोनी सेल: दोन्ही टोकं एकाच बाजूला शेजारी असतात. स्क्रूच्या ढिगात पडला तर एखादा खिळा दोन्ही टोकं जोडतो, सेल तापतो आणि आग लागू शकते. टोकांवर टेप लावून वेगळा ठेवा.

फुगलेली फोनची बॅटरी: "बघू नंतर" म्हणून डब्यात ठेवायची वस्तू नाही. टोचू नका, दाबू नका, घरात साठवू नका. सर्व्हिस सेंटर किंवा ई-कचरा केंद्रात द्या.

छोटे ताकदवान चुंबक: जुन्या हार्ड डिस्कमधले चुंबक खूप जोरदार असतात. असे छोटे चुंबक एकाहून जास्त गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात. तेही मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा.

काय ठेवायचं, काय भंगारात?

ठेवा: फोन, लॅपटॉप आणि पीसीचे सगळे स्क्रू, आटे नीट असलेले नट-बोल्ट, पितळी आणि स्टेनलेस सामान, न वापरलेल्या गिट्ट्या.

टाका: खाच गोल झालेले स्क्रू, आटे गेलेले बोल्ट, वाकडे खिळे, एकदा वापरून चिरलेल्या गिट्ट्या. धातू भंगारवाल्याला, सर्किट बोर्ड आणि बॅटऱ्या ई-कचऱ्यात.

ओळखू न आलेल्या वस्तूंसाठी एक पाउच ठेवा, त्यावर आजची तारीख लिहा. वर्षभरात कुणी शोधलं नाही तर तो रिकामा करा.

नेहमी पडणारे प्रश्न

तयार ऑर्गनायझर बॉक्स घेऊ का? आधी दोन महिने पाउचवर चालवा. कुठले प्रकार खरंच वारंवार लागतात ते कळेल. मग तेवढ्यांसाठीच घ्या. घेताना झाकण बंद करून बॉक्स उलटा करून बघा. कप्प्यांच्या भिंती झाकणाला टेकत नसतील तर आतलं सगळं मिसळतं.

क्यूआर कोड लावावा का? वीस-पंचवीस पाउचसाठी गरज नाही. शीटमध्ये शोधणं जास्त जलद होतं. डबे खूप असतील, म्हणजे शाळेची लॅब किंवा छोटं दुकान, तर प्रत्येक डब्यावर शीटच्या लिंकचा क्यूआर उपयोगी पडतो.

हे सगळं टिकवायचं कसं? कुठलंही काम संपल्यावर उरलेलं सामान मिसळणाच्या डब्याच्या मधल्या वाटीत टाका. ती वाटी भरली की एकदाच बसून पत्त्यावर लावा. रोज लावायचा नियम केला तर कुणाकडूनच पाळला जात नाही.

आजपासून सुरुवात

सगळं एका दिवसात करायची गरज नाही. आज फक्त दोन गोष्टी करा. तो जुना डबा उघडा आणि त्यातले सेल, बॅटऱ्या, चुंबक बाहेर काढा. याला पाच मिनिटं पुरतात. मग फोन-लॅपटॉपचे स्क्रू वेगळे करून एका पाउचमध्ये घाला, "क१" लिहा आणि शीटमध्ये पहिली ओळ भरा. बाकीचे ढीग येत्या रविवारी. ज्या मित्राच्या घरी असाच एक डबा आहे, त्याला हा लेख पाठवा, विशेषतः त्याच्या घरात रांगणारं मूल असेल तर.